पिवळा दिवा लागल्यावर किती किलोमीटर? मारुती आणि ह्युंदाईच्या इंधन-इशाऱ्याची पारख

‘गाडी रिझर्व्हला आली’ असं आपण कारबद्दलही सर्रास म्हणतो, पण हा शब्द मुळात दुचाकीचा. बजाज चेतकला पेट्रोलचा कॉक होता. इंजिन गचके खाऊ लागलं की कॉक फिरवायचा आणि टाकीच्या तळाचं राखून ठेवलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जायचं. कारमध्ये असा वेगळा साठा नसतो. टाकी एकच, तिच्यातून इंधन ओढणारा पंपही एकच. डॅशबोर्डवरचं पंपाचं चिन्ह पिवळं झालं, याचा अर्थ एवढाच की टाकीतला फ्लोट (इंधनावर तरंगणारा तुकडा) कंपनीनं ठरवलेल्या पातळीच्या खाली गेला. म्हणजे दिवा लिटरबद्दल बोलतो आणि आपण त्याला किलोमीटर विचारतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

ही पारख तीन गोष्टींची आहे: दिवा, काटा (किंवा पट्ट्या) आणि ‘एवढं अंतर जाईल’ असं सांगणारा आकडा. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर मारुती आणि ह्युंदाईच्या गाड्या भरपूर दिसतात, आणि इंधन संपत आल्यावर त्या चालकाशी दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी वागतात. म्हणून या दोनच कंपन्या घेतल्या आहेत.

आधी उत्तर देऊन टाकू. स्विफ्ट, बलेनो, वॅगनआर, ग्रँड आय-10 निऑस, आय-20 या वर्गातली पेट्रोल गाडी असेल, तर दिवा लागल्यावर शहरात 30 ते 40 किलोमीटर आणि मोकळ्या सपाट रस्त्यावर साधारण 50 किलोमीटर एवढाच हिशेब धरावा. गाडी त्यापुढेही जाऊ शकते, बऱ्याचदा जातेही. पण पुढचे किलोमीटर टाकीतल्या पंपाच्या जिवावर काढलेले असतात.

हे आकडे कुठून आले ते सांगायला हवं. दिवा सहसा टाकीच्या 10 ते 15 टक्के इंधन उरलं की लागतो. वॅगनआरची टाकी 32 लिटरची, म्हणजे उरले 3.2 ते 4.8 लिटर. स्विफ्ट, बलेनो, निऑस आणि आय-20 या चौघींची टाकी 37 लिटरची, म्हणजे 3.7 ते 5.5 लिटर. यातलं तळाचं लिटरभर हिशेबात धरायचंच नाही. त्यातलं थोडं पंपाला ओढताच येत नाही, आणि बाकीचं चढावर किंवा वळणावर पंपापासून दूर पळतं. वॅगनआरमध्ये मधला आकडा 4 लिटर धरला तर हाती 3 लिटर राहतात. पुण्या-मुंबईच्या गर्दीत एसी लावून 11 चं ॲव्हरेज मिळालं तर 33 किलोमीटर, आणि हायवेला 17 मिळालं तर 51.

अनेक जण इथे जाहिरातीतलं ॲव्हरेज घेऊन गुणाकार करतात. 2024 च्या मॅन्युअल स्विफ्टचं प्रमाणित ॲव्हरेज लिटरला 24.80 किलोमीटर आहे. पाच लिटर उरले म्हणून 124 किलोमीटर, असं गणित केलं की माणूस दोन-तीन पंप सोडून पुढे जातो. ते प्रमाणपत्र प्रयोगशाळेतल्या रोलरवरचं असतं. तिथे भोरघाट नसतो आणि हिंजवडीची संध्याकाळही नसते.

मोठ्या टाकीचा भरवसाही जपूनच धरावा. क्रेटाची टाकी 50 लिटरची आहे, त्यामुळे दिव्यानंतर लिटर जास्त उरतात. पण गाडी जड, शहरातलं ॲव्हरेज 9-10 वर येतं, आणि रुंद टाकीच्या तळाला पसरलेलं इंधन जास्त हिंदकळतं. शहरातला हिशेब 40 ते 50 किलोमीटरच्या आसपासच येऊन ठेपतो.

मारुती: आकडा लपवणारी, पण प्रामाणिक

मारुतीच्या बहुतेक गाड्यांत दिवा लागतो तेव्हा एकदा ‘टिंग’ आवाज येतो. त्यानंतर पेट्रोल न भरता दर वेळी चावी ऑन केली की तो पुन्हा येतो. ज्या मॉडेलमध्ये अंतराचा आकडा असतो, तिथे दिवा लागल्यावर आकड्याच्या जागी तीन आडव्या रेघा येतात. अनेकांना हे बिघाडासारखं वाटतं आणि सर्व्हिस सेंटरला तशा तक्रारीही होतात. बिघाड नाही, कंपनीनं ते मुद्दाम तसं केलेलं आहे. इतक्या कमी इंधनावर किलोमीटर सांगणं धोक्याचं, म्हणून गाडी सांगायचंच थांबवते. सोबतच्या पुस्तिकेतही असंच लिहिलं आहे की दिवा लागला की आकडा काहीही असो, पेट्रोल लगेच भरा.

आमच्या मते हे बरोबर आहे. त्या क्षणी चालक आंधळा होतो हे खरं, पण खोटा आधार मिळण्यापेक्षा ते बरं. ज्याला रेघा दिसतात तो पुढचा पंप शोधतो. ज्याला ‘42’ दिसतं तो चाळीसाव्या किलोमीटरचा पंप शोधतो.

मारुतीची खरी उणीव पट्ट्यांमध्ये आहे. वॅगनआर, एस-प्रेसो यांसारख्या गाड्यांत काट्याऐवजी डिजिटल पट्ट्या आहेत. एक पट्टी म्हणजे काही लिटर, आणि ती विझेपर्यंत त्या पट्टीतलं पेट्रोल किती खर्च झालं हे कळत नाही. काटा निदान हळूहळू झुकताना दिसतो. एस-प्रेसोची टाकी फक्त 27 लिटरची आहे. ऑल्टो के-10 चीही तेवढीच. इतक्या लहान टाकीत शेवटच्या पट्टीवर शंभर किलोमीटरचा प्रवास सुरू करणं म्हणजे रस्त्यात थांबायची तयारी ठेवणं.

ह्युंदाई: शेवटपर्यंत मोजणारी, पण पाचशे रुपयांना न जुमानणारी

ह्युंदाईच्या गाड्या अंतराचा आकडा बराच खालपर्यंत दाखवत राहतात. पुस्तिकेनुसार अंदाज 1 किलोमीटरच्या खाली गेला की मग रेघा येतात. हे सोयीचं वाटतं. पण हा आकडा कसा बनतो ते माहीत असेल तर त्यावर विसंबायचं धाडस होत नाही. गाडी टाकीतले अंदाजे लिटर घेते आणि मागच्या काही अंतरातल्या ॲव्हरेजने गुणते. पुढचा रस्ता कसा आहे हे तिला ठाऊक नसतं. पनवेलहून सपाट रस्त्यानं आलेल्या गाडीला खोपोलीच्या पायथ्याशी ‘60’ दिसलं, तर ते साठ सपाटीचे आहेत.

पुढच्या चढाचा हिशेब करून पाहू. खोपोली ते लोणावळा उंचीतला फरक साधारण साडेपाचशे मीटर. चार माणसं बसलेली स्विफ्टसारखी गाडी जवळपास 1200 किलोची होते. एवढं वजन एवढं वर उचलायला, इंजिनची कार्यक्षमता धरून, नेहमीच्या खर्चाशिवाय पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. सपाटीवर तेवढ्यात गाडी 12-13 किलोमीटर गेली असती. त्यात खंडाळ्याच्या कोंडीत एसी लावून अर्धा तास उभं राहावं लागलं, तर आणखी अर्धा लिटर गेलं. दिव्यानंतर हाताशी असलेल्या साडेतीन लिटरमधून सव्वा लिटर असं निघून जातं आणि स्क्रीनवरचा आकडा धडाधड घसरतो. लोक म्हणतात मीटर खराब झालं. मीटर ठीक आहे. त्याला घाट आत्ता कळला, एवढंच.

ह्युंदाईच्या पुस्तिकेतलं एक वाक्य मात्र प्रत्येक मालकानं वाचायलाच हवं. 6 लिटरपेक्षा कमी इंधन भरलं तर ट्रिप कॉम्प्युटर (ॲव्हरेज आणि उरलेलं अंतर काढणारी यंत्रणा) त्याची नोंद न घेण्याची शक्यता असते. आता आपल्याकडच्या पंपावरचं सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आठवा: ‘पाचशेचं टाका’. महाराष्ट्रात पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे, म्हणजे पाचशेत पाच लिटरही येत नाही. टाकीत पेट्रोल आलं, पण स्क्रीनला ते कळलं नाही असं होऊ शकतं. मग दोन गोष्टी घडतात. काही जण पंपवाल्यानं पेट्रोल कमी दिलं म्हणून भांडतात. काही जण आकड्यावरचा विश्वास सोडतात, आणि पुढच्या वेळी तो खरोखर कमी दाखवत असतानाही दुर्लक्ष करतात. दुसरी सवय जास्त महागात पडते. ह्युंदाईत रिझर्व्हवर पेट्रोल भरताना सात-आठ लिटर तरी भरावं, रुपयांत न सांगता लिटरमध्ये सांगावं, आणि गाडी सपाट जागी उभी असावी.

दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांत भरताना इग्निशन बंदच ठेवावं. आगीच्या दृष्टीनं तर हवंच, शिवाय चावी ऑन ठेवून भरलं तर अंतराचा आकडा चुकू शकतो. बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावरही काही काळ आकडा भरकटलेला असतो, कारण मागचं ॲव्हरेज पुसलं गेलेलं असतं.

दोघांकडेही एक मागणी आहे. टाकीत किती लिटर आहेत याचा अंदाज गाडीला असतो, अंतराचा आकडा त्यावरूनच निघतो. मग ते लिटरच दाखवा. ‘उरले 4.5 लिटर’ एवढं दिसलं तर घाट, गर्दी, एसी यांचा हिशेब चालक स्वतः करू शकतो.

दिवा चढावर लागतो आणि उतारावर विझतो, तो का?

टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट असतो. इंधनाबरोबर तो खालीवर होतो आणि दांडीचं दुसरं टोक रोधकाच्या पट्टीवर सरकतं. या भागाला सेंडर म्हणतात. हल्लीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो टाकीतल्या पंपाच्या मॉड्यूललाच जोडलेला असतो. पट्टीचा रोध बदलला की मीटरला पातळी कळते. इंधन सतत हिंदकळतं, म्हणून मीटर काही वेळाची सरासरी घेऊनच काटा हलवतं. लांब चढ लागला की पेट्रोल मागे सरतं, फ्लोट ज्या बाजूला असेल तिथली पातळी बदलते, आणि सरासरीही हळूहळू तिकडे झुकते. रस्ता सपाट झाला की सगळं परत. मारुतीची पुस्तिका स्पष्ट सांगते की चढ, वळण आणि चालवण्याच्या पद्धतीनुसार दिवा लागण्याची पातळी बदलते.

म्हणून घाटात लागलेला दिवा सपाटीवर विझला, तर तो ‘चुकून लागला होता’ असं समजू नये. तुम्ही दिव्याच्या उंबरठ्यावर आहात, असा त्याचा अर्थ. ताम्हिणी, वरंध, माळशेजसारख्या घाटरस्त्यांवर मध्ये पंप मिळेल असं धरून चालूच नये. पायथ्यालाच भरून घ्यावं.

दिवा अर्धी टाकी असताना लागत असेल, काटा अचानक तळाला जाऊन परत येत असेल किंवा टाकी फुल करूनही तो अर्ध्यावरच अडकत असेल, तर तो सेंडरचा दोष. पट्टीवरचे संपर्कबिंदू झिजतात, त्यांच्यावर थर बसतो किंवा फ्लोटची दांडी अडकते. मेकॅनिक आधी वायरिंग आणि अर्थिंग तपासतो, मग मॉड्यूल बाहेर काढतो. अनेक गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, काहींत टाकीच उतरवावी लागते. मॉड्यूल उघडलं तर ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) नवीनच घालून घ्यावी. जुनी पुन्हा बसवली की टाकी फुल केल्यावर केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो. हे काम घरी करण्याचं नाही.

आपल्या गाडीचा आकडा काढण्याची रीत

वर दिलेले आकडे वर्गाचे आहेत. तुमच्या गाडीचा आकडा काढायला गाडी बंद पाडण्याची गरज नाही. समाजमाध्यमांवर कॅन सोबत ठेवून गाडी कोरडी पडेपर्यंत चालवण्याचे जे प्रयोग दिसतात, ते करू नयेत. एका टाकीच्या बिलातून तेवढीच माहिती मिळते.

सपाट रस्त्यावर दिवा लागला आणि तसाच लागून राहिला की ट्रिप मीटर शून्य करा. जवळच्या पंपावर जा. नोझल पहिल्यांदा आपोआप ‘कट’ होईपर्यंत भरा आणि तिथेच थांबा. बिलावरचे लिटर टाकीच्या क्षमतेतून वजा करा. समजा स्विफ्टमध्ये 33.1 लिटर बसले. 37 वजा 33.1 म्हणजे पंपावर पोचलात तेव्हा 3.9 लिटर होते. दिवा लागल्यापासून 9 किलोमीटर आला असाल आणि गाडी 15 चं ॲव्हरेज देत असेल, तर 0.6 लिटर वाटेत गेलं. म्हणजे तुमच्या गाडीचा दिवा 4.5 लिटरला लागतो. यातून 1 लिटर तळाचा वजा करा. उरलेल्या 3.5 ला तुमच्या सगळ्यात वाईट ॲव्हरेजनं गुणा. सगळ्यात चांगल्यानं नाही. हे दोन-तीन वेळा, शक्यतो त्याच पंपावर करा आणि सगळ्यात लहान उत्तर खरं माना.

‘कट’ झाल्यावर रक्कम राऊंड करण्यासाठी आणखी भरू देऊ नका. टाकीत वर थोडी मोकळी जागा इंधनाच्या वाफेसाठी आणि फुगण्यासाठी ठेवलेली असते. ती भरली तर पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं, तो डबा खराब होतो, आणि आपला हिशेबही बिघडतो.

याच कारणामुळे 37 लिटरच्या टाकीत कधी 38-39 लिटर बसल्याचं बिल दिसतं. कंपनीनं छापलेली क्षमता नाममात्र असते. वरची मोकळी जागा आणि नळी त्यात धरलेली नसते. फक्त तेवढ्यावरून पंपानं फसवलं असं म्हणता येत नाही. शंका असेल तर वैधमापनशास्त्र विभागानं प्रमाणित केलेलं 5 लिटरचं माप पंपावर असतं. ग्राहक त्यात मोजून दाखवायला सांगू शकतो, आणि तो आपला हक्क आहे.

ई-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल बरीच चिंता ऐकू येते, म्हणून तोही हिशेब देतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरची ऊर्जा 6 ते 7 टक्क्यांनी घटते, ई-10 च्या तुलनेत त्याच्या निम्मी. दिव्यानंतरचे 40 किलोमीटर धरले तर शुद्ध पेट्रोलपेक्षा फरक अडीच-तीन किलोमीटरचा पडतो. तेवढ्यानं कोणी रस्त्यात अडकत नाही. एकटा चढ किंवा एकटी कोंडी याच्या तीन-चार पट खाते. पावसाळ्यात मात्र रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी इथेनॉल शोषून घेतं. त्यामुळे जी गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते, ती दिव्यावर उभी ठेवू नये.

दिवा लागल्यानंतर कसं चालवायचं

वेग हा सगळ्यात मोठा खर्च. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. 80 ऐवजी 120 नं गेलात तर तो सव्वादोन पट होतो. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर कारला 120 ची मर्यादा आहे आणि इंटरचेंजशिवाय बाहेर पडता येत नाही. तिथे दिवा लागला तर डावी लेन धरा, 75-80 वर या, आणि पुढच्या इंटरचेंजपर्यंतचं अंतर पाहा. पुढचा पंप इंटरचेंजपेक्षा लांब असेल, तर बाहेर पडून गावातल्या पंपावर जाणं शहाणपणाचं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 94.5 किलोमीटरचाच आहे, पण तिथे घाट मध्यावर येतो. मुंबईहून येताना खालापूरच्या आधी दिवा लागला असेल तर ‘लोणावळ्याला बघू’ म्हणू नये. अटल सेतूवर चढण्याआधी तर भरूनच घ्यावं. 21.8 किलोमीटरच्या त्या पुलावर पंप नाही आणि गाडी थांबवायला मनाई आहे.

टॉप गिअर, हलका ॲक्सिलरेटर, कमीत कमी ब्रेक. शहरात एसी बंद केला तर फायदा दिसतो. हायवेला काचा खाली करून हवेचा विरोध वाढवण्यापेक्षा एसी मंद ठेवलेला बरा.

उतारावर न्यूट्रल करून इंजिन बंद करणं ही जुनी, आणि जीवघेणी सवय. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत एक-दोन दाबांत संपते आणि स्टीअरिंग जड होतं. शिवाय ते फायद्याचंही नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर घातलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल देणंच थांबवतात, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं. म्हणजे घाट उतरताना तिसरा गिअर हाच स्वस्त गिअर.

नुकसान कशाचं होतं

‘रिझर्व्हवर चालवलं की तळाचा गाळ इंजिनमध्ये जातो’ हे अर्धसत्य आहे. पंप टाकीच्या तळातूनच ओढतो, टाकी फुल असली तरी. गाळ असेल तर तो रोजच जाळीवर येतो. खरी अडचण वेगळी आहे. पेट्रोल गाडीचा इलेक्ट्रिक पंप टाकीतच बसवलेला असतो, आणि त्यातून वाहणारं व भोवतीचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं आणि वंगण देतं. पातळी खाली गेली की तो तापतो, वळणावर हवा ओढतो आणि झिजतो. एकदा दिवा लागला म्हणून पंप जात नाही. पण कायम दिव्यावरच गाडी वापरणाऱ्यांचे पंप लवकर जातात.

दुसरं नुकसान सायलेन्सरच्या वाटेवरचं. पेट्रोल तुटक येऊ लागलं की काही ठिणग्या वाया जातात, न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. ह्युंदाईच्या पुस्तिकेत हा इशारा दिलेला आहे. हा भाग पंपापेक्षा कितीतरी महाग असतो. गचके सुरू झाल्यावर ‘अजून दोन किलोमीटर ओढू’ म्हणणं म्हणूनच चुकीचं.

डिझेल गाडी कोरडी पाडणं तर टाळायलाच हवं. कॉमन रेलच्या, म्हणजे हल्लीच्या डिझेल इंजिनांतल्या, उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं. हवा शिरली की तो कोरडा घासतो, आणि धातूचा कीस पुढे इंजेक्टरपर्यंत जाऊ शकतो. डिझेल गाडीत दिवा लागल्यावरचा हिशेब पेट्रोलच्या निम्म्यावर थांबवावा.

सीएनजीवाल्यांची चूक उलट्या बाजूनं होते. गॅस स्वस्त, म्हणून पेट्रोलचा दिवा महिनोन्महिने तसाच पेटलेला. मारुतीच्या कंपनी-फिटेड सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, म्हणजे रोज थोडं पेट्रोल लागतंच. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये तर गॅसवर चालतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो. तळाच्या लिटरभर पेट्रोलात तो महिनाभर फिरला तर वाचणार कसा? पाव टाकी पेट्रोल कायम ठेवावं आणि आठवड्यातून 10-15 किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी. सीएनजीच्या रांगा पाहता, गॅस संपल्यावर हेच पेट्रोल घरी पोचवतं.

थांबलीच तर

गचके सुरू होताच इंडिकेटर देऊन वेग असेपर्यंत डावीकडे या. हॅझर्ड लावा, चमकणारा त्रिकोण हायवेला निदान 50 मीटर मागे ठेवा, आणि सगळ्यांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभं राहावं. राष्ट्रीय महामार्गावर 1033 ला फोन लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धी हे रस्ते राज्याच्या महामंडळाचे आहेत, तिथे रस्त्याकडेच्या फलकावरचा नंबर किंवा 112. कंपनीची रोडसाइड असिस्टन्स चालू असेल तर तीही इंधन पोचवते, पण इंधनाचे पैसे वेगळे द्यावे लागू शकतात.

पेट्रोल पाण्याच्या बाटलीत आणू नका. पंपवाले देतही नाहीत, आणि ते बरोबरच आहे: स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं, पण ते घट्ट झाकणाच्या भांड्यात, आणि धातूचं भांडं 25 लिटरपेक्षा मोठं नसावं. पाच लिटरचा धातूचा कॅन आणि लांब नळीचं नरसाळं एवढं पुरेसं. कॅन रिकामाच ठेवा. भरलेला कॅन डिकीत उन्हात ठेवणं हा वेगळा धोका आहे.

दोन लिटर ओतून लगेच स्टार्टर मारू नका, निदान पाच लिटर ओता. चावी ऑन करा, मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंदांचा ‘ऊंऽऽ’ आवाज ऐका, चावी बंद करा. असं तीन-चार वेळा केलं की लाइनमध्ये दाब तयार होतो. मग स्टार्टर मारा, एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, नाहीतर पेट्रोल असूनही बॅटरी उतरेल. बटणस्टार्ट गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दाबलं की इंजिन न लागता इग्निशन ऑन होतं, तेच वापरा. डिझेलच्या काही गाड्यांत फिल्टरवर हातपंप असतो, तो घट्ट लागेपर्यंत दाबायचा. चार-पाच प्रयत्नांत इंजिन लागलं नाही तर थांबा आणि गाडी टो करून न्या. लागलं, पण इंजिनचा पिवळा दिवा लागून राहिला किंवा थरथर जात नसेल, तर मिसफायरची (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याची) नोंद झालेली असू शकते. ती गॅरेजमध्ये स्कॅनर लावून बघितल्याशिवाय लांब जाऊ नये. आणि पाच लिटर ओतूनही काटा जागचा हलला नाही तर घाबरू नका. थोडं चालल्यावर मीटरची सरासरी पुढे सरकते. ह्युंदाईच्या स्क्रीनवरचा आकडा मात्र पुढच्या पंपावर नीट सात-आठ लिटर भरेपर्यंत तसाच अडून राहू शकतो.